न फुटलेली फरशी

"करुणा, इकडं ये. पाह्य तुह्या बापाचं काम."

सासूबाई मधल्या खोलीत उकिडव्या बसल्या होत्या. देवाला लावायची उदबत्ती तशीच हातात होती, पेटवलीसुद्धा नव्हती. मी पिठाच्या हातांनी गेले आणि त्यांच्या बोटाच्या रोखानं बघितलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून निघालेली एक बारीक रेघ खोलीच्या मधून तिरपी जाऊन मागच्या भिंतीला टेकली होती. दोन फरश्यांमधल्या सांध्यातून गेली असती तर मी म्हटलं असतं, सिमेंट सुकलं असेल. पण ती फरश्यांच्या पोटातून गेली होती. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, सुरीनं कापत नेल्यासारखी.

"आता काय म्हनशील?" सासूबाई म्हणाल्या.

मागच्या वर्षी फरशी फुटली तीही इथंच, याच वाटेनं. बाबांनी येऊन ती सगळी काढून नवी बसवून दिली होती, त्याला अजून सहा महिनेही झाले नव्हते.

माझे वडील, पत्रुजी बोरकुटे, वरोऱ्याकडचे फरशीचे मिस्त्री. त्या भागात घर बांधणारा माणूस आधी पत्रुजीला विचारायचा आणि मग सिमेंट आणायचा. कामाला जितके चोख, तितकेच तोंडानं फटकळ. ओल्या फरशीवर कोणी पाय ठेवला, तर तो पाहुणा असो की घरमालक, शिवी खाल्ल्याशिवाय सुटत नसे. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या नवऱ्याचं, दिवाकरचं, घर अर्धवट बांधून उभं होतं. बाबांनी बैठकीतच सांगून टाकलं, "माह्या लेकीच्या घरची फरशी मी बसवीन. दुसऱ्या कोनाचा हात लागू देनार नाही."

आमची वस्ती कोळशाच्या पट्ट्यात होती. गावाच्या पलीकडं नाला आणि नाल्यापलीकडं खाण. आमच्या वस्तीच्या बाजूलाही कधीकाळी जुनी खाण होती म्हणत, पण ती बंद पडून इतकी वर्षं झाली होती की नेमकी कुठं होती हे सांगणारंही कोणी उरलं नव्हतं. जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळायची, पावसाळ्यात फुगायची. त्यामुळं घराला एखादी चीर पडली की लोक "काळी माती आहे" म्हणून मोकळे व्हायचे आणि दिवाळीला वरून चुना मारायचे. भिंतीचं कोणाला काही वाटायचं नाही. फरशीचं मात्र वाटायचं, कारण वस्तीत ती सगळ्यांकडं नव्हती.

सासूबाईंना तर फारच वाटायचं. तानाबाई निखाडे म्हणजे तोंडाच्या तिखट, पण उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या मिरच्या तोडण्यात आणि घरची जमीन सारवण्यात घालवलं होतं. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "जलमभर शेनात हात घातले व. म्हातारपनी एका चकचकीत जागी निजावं एवढंच मनात होतं." तीच जागा दोनदा फुटली होती. मग त्या बोलणार नाहीत तर काय करतील?

दिवाकर एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. संध्याकाळी घरी आला, तेलकट बोटानं त्या रेघेवरून शेवटपर्यंत गेला आणि उठून शेजारच्या मल्लेशअण्णांना घेऊन आला. अण्णा तेलंगणातले. तीस-पस्तीस वर्षं नाल्यापलीकडच्या खाणीत जमिनीखाली काम करून निवृत्त झाले होते. त्यांनी रेघ बघितली, बाहेर जाऊन मागची भिंत बघितली, अंगणात थोडे फिरले.

"दिवाकर, एकदा खाणीच्या ऑफिसात सांगून बघ," ते म्हणाले.

"ते कशाला अण्णा?"

"काही नसेल. पण बघून जातील. त्यांच्याकडं जुने नकाशे असतात."

"फरशी फुटली म्हनून खानीवाल्याईले कायले सांगता?" सासूबाई आतून म्हणाल्या. "ज्यानं बसवली त्याले सांगा!"

दिवाकर हसला. "सुट्टीच्या दिवशी जाऊन येतो," म्हणाला. आणि त्याआधी त्यानं बाबांना निरोप धाडला.

बाबा आले ते पिशवी खांद्यावर ठेवूनच आत शिरले. सासूबाईंनी पाणी दिलं, ते घेतलं. चहा नको म्हणाले. मग खाली आडवे झाले, गाल फरशीला लावला आणि एक डोळा मिटून त्या रेघेकडं बघत राहिले. मी दारात उभी होते. माझ्या बापाला मी कित्येकदा जमिनीवर असं पडलेलं बघितलं होतं, पण परक्या बाईसमोर, ती कमरेवर हात ठेवून उभी असताना, कधी बघितलं नव्हतं.

"लोकाच्या घरी सोनं करता म्हन्ते," सासूबाई म्हणाल्या. "लेकीच्या घरी माती केली."

बाबा उठून बसले. दुसरं कोणी एवढं बोललं असतं तर त्यांनी पिशवी उचलून रस्ता धरला असता. त्या दिवशी त्यांचा आवाज खाली आला होता.

"बाई, माह्या हातची फरशी आजवर फुटली नाही. इथंच दोनदा फुटली. काहून फुटली ते मले समजलं नाही, हे खरं हाय. पन आता मी अशी बसवतो का पुन्हा तिच्यावर रेघ आली तर थापी हातात घेनार नाही."

मल्लेशअण्णांचं म्हणणं दिवाकरनं त्यांच्या कानावर घातलं. बाबांनी मान हलवली. "खानीचं मले माहीत नाही, जवाईबापू. पन काळ्या मातीवरचा कोबा हलतेच. तो हलला का वरची फरशी संगंसंगं फाटते, काहून का आपन दोघाईले चिकटवून टाकतो. आता चिकटवतच नाही."

दुसऱ्या दिवशीपासून ते कामाला लागले. फरशी उखडली. खालचा काँक्रीटचा कोबा उघडा पडला तेव्हा त्यात करंगळी जाईल एवढी फट होती. बाबांनी ती छिन्नीनं रुंद केली, धूळ काढली, बारीक गिट्टी आणि सिमेंट ठोकून भरली, पाणी मारलं आणि ती पक्की होईपर्यंत कोणाला खोलीत पाय ठेवू दिला नाही. मग त्यांनी सगळ्या कोब्यावर जाड प्लास्टिक अंथरलं. एका मोठ्या वसाहतीचं काम करताना तिथल्या ठेकेदाराकडं त्यांनी ही रीत बघितली होती. प्लास्टिकवर लोखंडी जाळी, जाळीवर सिमेंट-वाळूचा जाड थर आणि त्या थरावर फरशी. चारी भिंतींना फरशी टेकू दिली नाही; बोटभर जागा सोडून त्यात थर्माकोलच्या पट्ट्या घातल्या आणि वरून लाकडी पट्टी मारली. प्रत्येक फरशी रबरी हातोडीनं ठोकून, कान देऊन, पोकळ वाजली की परत उचलून बसवली.

मी जेवायला बोलवायला गेले तेव्हा ते एकटेच खोलीच्या मधोमध उकिडवे बसले होते. इतक्या दिवसांनी चेहरा मोकळा होता.

"झालं पोरी. आता ही फरशी पान्यावरच्या पानासारखी हाय. खालचा कोबा उभा फाटला तरी वरतं समजनार नाही."

"नक्की ना बाबा?"

"तुह्या सासूले सांग, नाचली तरी फुटत नाही."

मी सांगितलं नाही, पण सासूबाईंनी ते ऐकलं होतं. आतल्या खोलीत त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आणि फरशी खरंच फुटली नाही. सबंध उन्हाळा गेला. बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत तिकडची जमीन तडतडते, आमच्या अंगणातच पाय अडकेल अशा भेगा पडल्या, पण मधल्या खोलीत केसाएवढी रेघ नव्हती. सासूबाई दुपारी ओल्या फडक्यानं फरशी पुसायच्या आणि उशी न घेता तिच्यावर आडव्या व्हायच्या. हळदीकुंकवाला बाया आल्या की त्यांना मधल्या खोलीतच बसवायच्या आणि आपणहून सांगायच्या, "माह्या ईवायानं बसवली, करुणाच्या बापानं. दोनदा फुटली, पन मानूस जिद्दीचा. तिसऱ्यांदा अशी बसवली का हालत नाही." माझ्याशीही त्यांचं बोलणं सैल झालं. एकदा माझं डोकं दुखत होतं तेव्हा त्याच फरशीवर मला आडवं करून त्यांनी तेल चोळून दिलं.

खाणीच्या ऑफिसात जायचं राहून गेलं. मुद्दाम नव्हे. दिवाकरच्या एका सुट्टीला लग्न निघालं, दुसऱ्या सुट्टीला डेपोत बोलावलं, आणि नंतर जायला कारणच राहिलं नाही. फरशी फुटत होती म्हणून जायचं होतं. फरशी फुटायची थांबली.

मल्लेशअण्णांनी स्वतःच आमची फरशी बघून, रबरी हातोडीनं वाजवून, बाबांना बोलावून घेतलं. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांच्याही कोब्याला तडा होता, फरशी दोन ठिकाणी उलली होती. बाबांनी तीही तशीच बसवून दिली. मग गल्लीच्या टोकाच्या गौरकारांनी आपली बसवून घेतली. त्या कामांसाठी बाबा बरेच दिवस आमच्याकडं राहिले. सकाळी सासूबाई त्यांना भाकरी बांधून द्यायच्या. आमच्या मागच्या दाराची कड खाली घासत होती, ती त्यांनी रंधा मारून सारखी केली. "पावसानं लाकूड फुगलं," म्हणाले. पुन्हा घासायला लागली तेव्हा पुन्हा रंधा मारला.

पाऊस संपत आला होता. पितृपक्ष नुकताच उलटला होता. बाबा वरोऱ्याला परत गेले होते, दिवाकर ड्यूटीवर होता. दुपारची जेवणं झाली, सासूबाई मधल्या खोलीत आडव्या झाल्या आणि मी मागच्या अंगणात भांडी घासायला बसले.

आवाज फार मोठा नव्हता. आत कोणी जड कपाट ओढावं तसा. मी वळून बघितलं, तर मागची भिंत जागेवर नव्हती. पडली असं नव्हे. उभीच्या उभी खाली गेली होती आणि तिच्यामागून छताचा एक कोपरा वाकत होता. मग धूळ आली.

मी पुढच्या बाजूनं धावत गेले. बाहेरची खोली जशीच्या तशी होती. खुर्ची, रेडिओ, दिवाकरचा शर्ट खुंटीला. मधल्या खोलीच्या दारात पोचले आणि चौकट धरून थांबले, नाहीतर मीही गेले असते. खोलीच्या मधोमध काळोख होता. कडेला फरशीचा एक मोठा पट्टा आत लोंबत होता, जाळीला धरून, आणि त्याच्यावरची एकही फरशी फुटलेली नव्हती.

"आई!" मी ओरडले. "आईऽ!"

खालून थोडा वेळ काहीच आलं नाही. नुसती माती सरकत होती. मग त्यांचा आवाज आला. घाबरलेला नव्हता, झोपेतून उठल्यासारखा होता.

"करुणा, दिवा लाव ना व. अंधार झाला."

"आई, हलू नका! मी माणसं आणते! हलू नका!"

"दिवा लाव," त्या म्हणाल्या.

मी अण्णांच्या घराकडं धावले. अण्णा दोर घेऊन निघाले तोवर दुसऱ्यांदा माती सरकली. आम्ही दारात पोचलो तेव्हा छताचा तो कोपराही आत गेला होता. मी हाका मारत राहिले. अण्णांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. खाणीत अख्खं आयुष्य काढलेला तो माणूस अंगणात खाली बसला आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटू लागला.

दिवाकर आला, पोलीस आले, खाणीच्या बचाव पथकाची माणसं आली. दोर बांधून खाली उतरली. खड्डा चार पुरुष खोल होता आणि तळाशी पाणी होतं, जुन्या खाणीत साठलेलं. काठ सारखे ढासळत होते. माणसं वर येत, डोकं हलवत, पुन्हा जात. बाबा संध्याकाळच्या गाडीनं आले. मी त्यांच्या गळ्यात पडले. दिवाकर खड्ड्याच्या काठापासून हलला नव्हता. त्यानं बाबांकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

सकाळी खाणीचे एक अधिकारी आले. मध्यम वयाचे, बोलायला मऊ. त्यांनी दिवाकरच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की काठ धरत नाही, आणखी माणूस उतरवता येत नाही आणि खड्डा असा उघडा ठेवला तर सगळी गल्ली खाली जाईल. वाळू मागवली आहे. दुपारपर्यंत ट्रक येतील.

"माझी आई आत आहे," दिवाकर म्हणाला.

"माहीत आहे मला."

"आधी तिला काढा. मग भरा काय भरायचं ते."

अधिकाऱ्यांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, "ताई, घराला आधी तडे गेले नव्हते? भिंतीला, जमिनीला? ही जागा आमच्या नकाशावर नाही, फार जुनं काम आहे. पण जमीन एकदम जात नाही. महिनोन्महिने आधी सांगते. पहिला कोबा फाटतो, फरशी फाटते. लोक तक्रार घेऊन येतात, आम्ही त्यांना हलवतो. तुमच्याकडून कोणीच कसं आलं नाही?"

मी दिवाकरकडं बघितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. सुट्टीच्या दिवशी जाऊन येतो म्हणणारा तोच होता. तो काही बोलायच्या आत बाबा पुढं आले. हात जोडलेले होते.

"तडे होते साहेब. मी बुजवले."

"म्हणजे?"

"मी मिस्त्री. फरशी फुटत होती. फुटू नये अशी बसवली."

अधिकाऱ्यांना ते पुरतं कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी बाबांच्याकडं क्षणभर बघितलं आणि हातातल्या कागदावर नजर टाकली. पहाटेपासून त्यांची माणसं गल्लीतली घरं तपासत होती. समोरच्या रांगेतल्या तीन घरांच्या जमिनी फाटल्या होत्या. त्या लोकांना शाळेत हलवायचं ठरलं होतं. "बाकीच्यांनी घाबरायचं कारण नाही," ते जमलेल्या लोकांना म्हणाले. "अण्णांचं घर ठीक आहे. शेवटचं गौरकारांचंही. फरश्या स्वच्छ आहेत, एक रेघ नाही."

बाबा तिथं क्षणभरही थांबले नाहीत. बचाव पथकाच्या सामानातला एक घण त्यांनी उचलला आणि ते अण्णांच्या घराकडं चालू लागले. मी त्यांच्या मागं धावले.

अण्णा ओसरीवर होते, त्यांची बायको राजम्मा आत चहा करत होती. धाकटीच्या लग्नाचे नवे हंडे-कळश्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. बाबा सरळ आत गेले.

"खाट सरकवा अण्णा. फरशी फोडतो."

"काय?" अण्णा उठले. "पत्रुजी, तुम्हाला झोप नाही. बसा जरा. साहेब आत्ता बघून गेले. माझ्या घरात काही नाही. बघा ना, एक रेघ नाही."

"म्हनूनच फोडतो."

अण्णा त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. त्यांनी आपल्या बायकोला तेलुगूत काही सांगितलं आणि खाटेचा पाय धरून ती स्वतःच ओढली.

पहिल्या घावात फरशी फुटली नाही. बाबांनी काम चांगलं केलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या घावाला तुकडे उडाले, पण खालचा थर जाळीनं धरून ठेवला होता. घण आपटत होता आणि उडून परत येत होता. बाबा साठी ओलांडलेले. त्यांच्या कपाळावरचा घाम तुकड्यांवर पडत होता. अण्णांनी कुठून तरी तार कापायची कात्री आणून जाळी कापली. मी हातांनी थर उचलला. बाबांनी प्लास्टिकचं टोक धरलं आणि मागं ओढलं.

कोबा मधोमध फाटला होता. बाबांनी बुजवली होती ती जागाच उरली नव्हती. तिथं आता माणसाचा हात कोपरापर्यंत जाईल एवढी फट होती आणि दोन्ही बाजू आतल्या अंगाला झुकल्या होत्या. फटीतून गार हवा वर येत होती. ओल्या कोळशाचा वास. अण्णांना तो वास ओळखायला वेळ लागला नाही.

"राजम्मा," ते म्हणाले, "देव उचल. पोरीला हाक मार. दुसरं काही घेऊ नकोस."

हंडे-कळश्या तशाच राहिल्या. ती माणसं नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडली. राजम्मा जाताना बाबांच्या पायाशी वाकायला लागली, तर बाबा दचकून मागं सरले आणि भिंतीला आपटले.

"नको माय. माह्या पाया नको पडू."

नंतर काय झालं ते इथंच सांगून टाकते. अण्णांचं घर आठवडाभरानं गेलं. रिकामंच गेलं. गल्ली उठवली, लोकांना दुसरीकडं जागा मिळाली. आम्ही भद्रावतीला आलो. बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. शेतावर राखण करायचे, माझ्या आईचं दुखणं काढायचे, बोलायचे कमी. मी माहेरी जायची तेव्हा दिवाकर मला बस स्टँडवर सोडायचा आणि बाबांची तब्येत विचारायचा. स्वतः आला नाही. बाबांनीही त्याला कधी बोलावलं नाही. लोक मला विचारत, जावई-सासऱ्यात काय झालं? मी म्हणायची, काही नाही. सांगण्यासारखं होतं ते सगळं त्या एका सकाळी, गौरकारांच्या घरात झालं.

अण्णांच्या घरातून बाबा गौरकारांकडं गेले. गौरकारबाई दारातच आडव्या आल्या. "माह्या घराले हात लावाचा नाही! सोन्यासारखी फरशी हाय!" मी त्यांना अण्णांच्या घरातली फट सांगितली. त्यांच्या नवऱ्यानं जाऊन ती बघून येईपर्यंत बाबा उंबऱ्याशी बसून राहिले. तो परत आला आणि त्यानं बायकोला बाजूला घेतलं.

बाबांनी घण उचलला. खांद्यापर्यंत आला आणि तसाच खाली गेला. पुन्हा उचलला, तळव्यांचं कातडं निघालं होतं. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मागून एक हात आला आणि त्यानं दांडा धरला.

दिवाकर होता. अंगावर कालचेच कपडे, गुडघ्यापर्यंत चिखल. पायात काही नव्हतं. काठावर चप्पल सुटली असेल.

"द्या इकडं," तो म्हणाला.

बाबांनी घण सोडला.

दिवाकर तरणा होता, रोज लोखंडाशी झोंबणारा. चार घावांत फरशी गेली, आणखी चारांत खालचा थर. मी अण्णांच्या कात्रीनं जाळी कापली, प्लास्टिक फाडलं. आम्ही सगळे वाकलो. कोबा कोरडा होता. सपाट, करडा, अखंड. बाबा खाली पडले, गाल कोब्याला लावला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला.

"चांगला हाय," ते म्हणाले. "हे घर चांगलं हाय. काहीच नाही."

गौरकारबाई रडायला लागल्या, सुटकेनं की फरशीसाठी, कळलं नाही.

दिवाकरनं घण पुन्हा उचलला आणि शेजारच्या, धडधाकट फरशीवर घातला.

"अहो," मी म्हटलं. "झालं. काही नाही इथं."

त्यानं ऐकलं नाही. आणखी एक घाव. आणखी एक. फरश्यांचे तुकडे भिंतीवर उडत होते. गौरकार पुढं व्हायला लागले तर बाबांनी त्यांना हातानं थांबवलं. घावांच्या मधून दिवाकरचा आवाज येत होता. आधी नुसता श्वास वाटला, मग शब्द कळले.

"इथं काही नाही. इथं काही नाही. मग तिथं का? तिथं का?"

खोलीची अर्धी फरशी फोडून झाल्यावर घण त्याच्या हातातून निसटला. तो तुकड्यांत मटकन बसला आणि आदल्या दुपारपासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला, लहान मूल रडतं तसा, तोंड उघडं टाकून. मी त्याच्याजवळ बसले. त्याच्या दोन्ही तळपायांतून रक्त येत होतं.

बाबा आमच्यासमोर येऊन उकिडवे बसले. त्यांनी दिवाकरचा एक पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, दिवाकरनं घेऊ दिला, आणि ते आपल्या जाड, फाटलेल्या बोटांनी त्यात रुतलेल्या फरशीच्या कपच्या एकेक करून काढू लागले. एक पाय झाला. दुसरा घेतला.

तेवढ्यात बाहेर गाड्यांचा आवाज आला. गल्लीत ट्रक वळत होते. कोणीतरी "मागं घ्या, मागं घ्या" म्हणून ओरडत होतं. दिवाकरनं मान वर केली. बाबांचे हात थांबले. ट्रकचं फाळकं खणकन उघडलं आणि वाळू पडायला लागली.

दिवाकरनं पाय काढून घेतला, भिंतीला धरून उभा राहिला आणि खड्ड्याच्या काठाशी, आईकडं गेला.